तीन महिने सगळ्यांना माहीत होतं, फक्त प्रिन्सिपलला नाही

पत्र:

नमस्कार सर, दीड वर्षापूर्वी मी एका शाळेची प्रिन्सिपल झाले. आधीच्या सरांच्या काळात शाळा फार कडक होती, मुलं कॉरिडॉरमधून भिंतीला चिकटून चालायची. मला हसरी, मायेची शाळा हवी होती म्हणून वाढदिवसांची भिंत केली, दर आठवड्याला एक 'स्टार' निवडायला लागलो, असेंब्लीत मुलांना बोलायला दिलं, शिक्षकांसाठी दोन दिवसांचं ट्रेनिंग ठेवलं, जिन्यावर छान वाक्यं रंगवून घेतली. आणि मागच्या महिन्यात कळलं की सातवीतल्या एका मुलाला तीन महिने रोज मधल्या सुट्टीत टॉयलेटपाशी अडवून चार मुलं छळत होती. वर्गशिक्षिकेला अंदाज होता, पीटीच्या सरांनी एकदा पाहिलं होतं, सफाई करणाऱ्या मावशींना तर सगळंच माहीत होतं. मला कोणीच सांगितलं नाही, मला त्याच्या आईच्या फोनवरून कळलं. मी लगेच दोघांकडून लेखी खुलासा मागवला, त्या चौघांना आठवडाभर घरी बसवलं. आता स्टाफरूममधे गेले की सगळे गप्प होतात. एवढं करून काय चुकतंय? आणि शाळेचं वातावरण बदलणं खरंच एका प्रिन्सिपलच्या हातात असतं का?
– थकलेली प्रिन्सिपल

उत्तर:

मॅडम,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्या पोराचंच डोक्यात राहिलं, दुसऱ्यांदा मात्र एका वाक्यापाशी अडकलो आणि ते तुम्ही अगदी जाता जाता लिहिलंय, 'लगेच दोघांकडून लेखी खुलासा मागवला'. भिंत, स्टार, असेंब्ली, ट्रेनिंग, जिना यांना चार ओळी दिल्यात आणि खुलाशाला अर्धी. मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या अर्ध्या ओळीत आहे.

रागावू नका, मी पण हेच केलेलं आहे. मुख्याध्यापक होऊन मला दुसरं वर्ष होतं, सायन्सच्या एका बाईंनी मीटिंगमधे सांगितलं की लॅबमधे बीकर फुटून एका मुलीचा हात कापला, आणि मी सगळ्यांसमोर विचारलं, "तेव्हा तुम्ही कुठे होतात?" बस एवढंच. आवाज पण चढवला नव्हता. त्यानंतर लॅबमधल्या कुठल्याही गोष्टीची खबर मला शाळेतून मिळाली नाही, कधीतरी एखाद्या पालकाचा फोन यायचा तेवढंच, आणि मी आपला खूश की चला लॅब आता नीट चालतेय. फार पुढे आमचा लॅब असिस्टंट बोलता बोलता म्हणाला, सर तुम्ही विचारता ते प्रश्न नसतातच हो, तो निकाल असतो. ते वाक्य अजून टोचतं.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा फिरवून घेतो. शाळा मायेची आहे का हे भिंतीवरून कळत नाही, वाईट बातमी खालून वर यायला किती दिवस लागतात त्यावरून कळतं. तुमच्याकडे तीन महिने लागले, आणि तरी ती आतून आलीच नाही, बाहेरून आली.

एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकन संशोधिका आहेत, त्यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या नर्सेसच्या टीम्स बघितल्या, औषध देताना चुका किती होतात हे मोजायला. त्यांना वाटलं होतं चांगल्या टीममधे चुका कमी असतील. निघालं उलटं, ज्या टीम्स चांगल्या चालल्या होत्या तिथे चुकांच्या नोंदी जास्त होत्या. मग लक्षात आलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, लोक त्या लपवत नव्हते. बाकीच्या ठिकाणी रजिस्टर स्वच्छ कारण सांगायची भीती. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा आमचं लॅबचं रजिस्टर आठवलं, तीन वर्षं एकही नोंद नाही, आणि इन्स्पेक्शनला आम्ही ते कौतुकाने दाखवलं होतं.

आता तुमच्या वर्गशिक्षिकेच्या जागी जाऊन बघा. तिला अंदाज आहे, खात्री नाही. तुमच्याकडे यावं तर तुम्ही विचारणार कधीपासून, आधी का नाही सांगितलं, त्याच्या पालकांना कळवलं का. म्हणजे सांगणारी तीच आणि सापडणारी पण तीच. शिवाय शाळा आता 'हसरी' झालीय ना, प्रिन्सिपल मॅडम एवढ्या उत्साहाने सगळं करतायत, त्यात आपण हे रडगाणं कुठे न्यायचं. हा दुसरा भाग कोणाच्या फारसा लक्षात येत नाही. सारखं पॉझिटिव्ह पॉझिटिव्ह करत राहिलं की लोक निगेटिव्ह गोष्ट आणायची बंद करतात, आणि ती गोष्ट काही नाहीशी होत नाही, टॉयलेटपाशी जाऊन बसते.

एका माणसाच्या हातात असतं का विचारलंत. थेट बघाल तर नाही. एखादं मूल दिवसभरात तुम्हाला किती दिसतं? असेंब्लीत लांबून, कॉरिडॉरमधे अर्धा मिनिट. त्याचा सगळा दिवस शिक्षक, शिपाई, मावशी, बसवाले काका आणि बाकीची पोरं यांच्यासोबत जातो. पण ही मोठी माणसं मुलांशी कशी वागतात यावर मात्र तुम्ही त्यांच्याशी कशा वागता त्याची सावली पडतेच पडते. सकाळी दोन मिनिटं उशीर झाला म्हणून चारचौघात ऐकून घेतलेला शिक्षक पुढच्या तासाला वही विसरलेल्या पोराशी काय मायेने बोलणार, मी तरी असा शिक्षक अजून पाहिलेला नाही.

अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर या दोघांनी १९९० च्या दशकात शिकागोच्या शाळांचा बरीच वर्षं अभ्यास केला. शिक्षक, प्रिन्सिपल, पालक यांचा एकमेकांवर विश्वास कितपत आहे हे त्यांनी तपासलं, आणि १९९७ पर्यंत जिथे विश्वास भक्कम होता अशा शाळांपैकी साधारण दोनातली एक शाळा वाचन-गणितात सुधारलेली निघाली, आणि जिथे विश्वास अगदीच कमी तिथे सातातली एक. म्हणजे मायाबिया ही अभ्यास झाल्यावर उरलेल्या वेळात करायची गोष्ट आहे असं म्हणणाऱ्या ट्रस्टींना हे आकडे बिनधास्त सांगा.

त्यांनी विश्वासाचे चार धागे सांगितलेत, आदर, आपुलकी, आपलं काम नीट येणं, आणि बोलल्यासारखं वागणं. आदर म्हणजे काय तर समोरचा बोलत असताना मोबाइल न बघणं आणि तो जे म्हणाला त्याचं पुढे काहीतरी होणं, निदान का नाही झालं ते सांगणं. आपुलकी त्यांच्या मते कामाच्या पलीकडे जाऊन केलेल्या छोट्या गोष्टींतून दिसते. कोणाची आई आजारी आहे, त्याला शेवटचा तास सोडून जाता यावं म्हणून तुम्ही स्वतः त्याच्या वर्गावर प्रॉक्सीला जाऊन बसलात, ही गोष्ट स्टाफरूममधे वर्षानुवर्षं सांगितली जाते, ट्रेनिंगमधलं मात्र आठवडाभरात कोणाला आठवत नाही. तिसऱ्या धाग्यावर लोक गडबड करतात. मायेची शाळा म्हणजे कोणालाच काही न बोलणारी शाळा असं होऊन बसतं. एखादा शिक्षक पोरांचा अपमान करतो, हात उचलतो, किंवा वर्षानुवर्षं न शिकवता बसून राहतो आणि तुम्ही 'वातावरण बिघडेल' म्हणून गप्प राहता, तेव्हा बाकीच्या चांगल्या शिक्षकांचा तुमच्यावरचा विश्वास सगळ्यात आधी उडतो. त्यांना ते दिसत असतं हो. अशा माणसाला केबिनमधे एकट्याला बोलवायचं, स्पष्ट सांगायचं, लिहून पण द्यायचं, तिथे खुलासा मागवणं चुकीचं नाही. चूक ही की ज्याला फक्त अंदाज होता आणि बोलायला भीती वाटली त्यालाही तुम्ही तीच ट्रीटमेंट दिलीत.

मग काय करायचं. जेम्स कोमर नावाचे एक बालमानसोपचारतज्ज्ञ, त्यांनी १९६८ मधे अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या दोन शाळांत काम सुरू केलं, दोन्ही शाळा अगदी तळाला गेलेल्या, शिक्षक पालकांना नावं ठेवतायत, पालक शाळेला, आणि दोघं मिळून पोरांना. त्यांनी मीटिंगसाठी एक नियम घातला, दोष कोणाचा हे इथे ठरवायचं नाही, प्रश्न कसा सुटेल तेवढंच बोलायचं. ऐकायला बावळट वाटतं, करून बघा, पहिली वीस मिनिटं लोकांना बोलायलाच काही सुचत नाही कारण आपल्याला सवयच ती आहे. मी सुरू केलं तेव्हा मीच तीनदा नियम मोडला आणि आमच्या चित्रकलेच्या बाईंनी मला तीनदा हात दाखवून थांबवलं, तिसऱ्यांदा सगळे हसले आणि माझ्या मते मीटिंग तिथून खरी सुरू झाली.

तुमची मीटिंग या मुलावरच घ्या, पण त्याचं नाव न चघळता. प्रश्न एवढाच की सुट्टीत टॉयलेटपाशी मोठं माणूस का नव्हतं आणि ज्याला दिसलं त्याला ते पुढे सांगायला काय आड आलं. मावशींना पण त्या मीटिंगला खुर्ची द्या, चहा आणून द्यायला नव्हे, बोलायला. सगळ्यात जास्त माहिती त्यांच्याकडेच होती. पण घोळक्यात त्या एकदम बोलणार नाहीत, आधी तुम्ही स्वतः जाऊन त्यांच्याशी बोला.

आणि पोरांकडून शाळेचा नकाशा भरून घ्या. साधा आराखडा काढून प्रत्येकाला एक कागद द्यायचा, नाव लिहायचं नाही, जिथे भीती वाटते तिथे लाल रंग. शिक्षकांना वाटतं ग्राउंडवर भांडणं होतात, पोरांचा लाल रंग मात्र भलत्याच जागी असतो, जिन्याचा वळसा, बसची मागची सीट, आमच्याकडे तर लायब्ररीच्या मागचा बोळ निघाला, जिथून मी रोज पार्किंगकडे जायचो. मग त्या लाल जागांवर सुट्टीत मोठी माणसं उभी करायची, गप्पा मारत, शिट्टी घेऊन नाही. नॉर्वेत १९८३ मधे दादागिरीविरुद्ध देशभर मोहीम झाली, तेव्हा डॅन ओल्वेयस यांनी शाळांसाठी जो कार्यक्रम केला त्यातही सुट्टीतल्या देखरेखीवर बराच भर आहे. ड्यूटीच्या लिस्टमधे पहिलं नाव तुमचं टाका, नाहीतर 'अजून एक ड्यूटी' म्हणून लोक कुरकुरतील आणि त्यात त्यांची काही चूक नसेल.

वाढदिवसाच्या भिंतीबद्दल. काढू नका लगेच, पोरांना आवडत असेल. पण नेल नॉडिंग्ज या विदुषींनी १९८४ पासून एक गोष्ट लावून धरली, की काळजी घेणाऱ्याने घेतली म्हणजे झाली असं नसतं, ज्याची घेतली त्याला ती जाणवली तर ती पूर्ण होते. त्या मुलाचा वाढदिवस पण तुमच्या भिंतीवर लागला असेलच ना या तीन महिन्यांच्या आगेमागे? नाव रंगीत कागदावर, आणि सुट्टीत टॉयलेटपाशी ते चौघं. त्याला ती भिंत कशी दिसली असेल.

हार्वर्डमधल्या एका प्रकल्पात शाळांना एक साधं काम सांगतात ते मला भिंतीपेक्षा जास्त पटतं. शाळेतल्या सगळ्या मुलांची नावं एका खोलीत भिंतीवर लावायची, मुलांना दाखवायची नाहीत हां, आणि प्रत्येक मोठ्या माणसाने फिरत फिरत ज्या मुलाशी आपलं खरंच नातं आहे, म्हणजे काही झालं तर ते आपल्याकडे येईल, त्याच्या नावापुढे टिकली लावायची. मग सगळ्यांनी मागे सरून गप्प बघायचं. काही नावांपुढे दहा-दहा टिकल्या असतात, हुशार, बोलकी, किंवा फार त्रास देणारी, आणि मधलीअधली काही नावं कोरी. त्या दिवशी भाषण लागत नाही. प्रत्येकाने एक-दोन कोरी नावं वाटून घ्यायची, मुलांना न सांगता, आणि रोज थोडं काहीतरी बोलायचं, अभ्यास सोडून. माझ्या अंदाजाने तुमच्या त्या मुलाचं नाव कोरं निघेल. आणि त्या चौघांपैकी एखाद्याचं पण.

त्या चौघांवर येतो, कारण इथे माझं आणि बऱ्याच लोकांचं पटत नाही. घरी बसवणं समजू शकतो, दुसऱ्या मुलाला श्वास घ्यायला वेळ मिळाला. पण आठवडा संपला, ते परत आले, मग पुढे काय केलंत ते पत्रात नाही. त्या आठवड्यात ते काय शिकले असतील तर बहुतेक एवढंच की पुढच्या वेळी सापडायचं नाही. जेसन ओकोनोफुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मधे कॅलिफोर्नियातल्या पाच शाळांचा एक प्रयोग छापला. ३१ गणित शिक्षक, त्यातल्या काहींना थोडं वाचायला देऊन लिहायला सांगितलं की चुकलेल्या पोराला शिस्त लावताना त्याचं ऐकून घेऊन, मान राखून मी काय करीन. कामाला एकूण तास-सव्वा तास लागला असेल. तर त्या शिक्षकांच्या मुलांमधे वर्षभरात ४.८ टक्के सस्पेंड झाली आणि बाकीच्यांच्या मुलांमधे ९.६ टक्के. शिक्षा बंद करा असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, पोराकडे बघायची नजर तेवढी हलवली.

म्हणून त्या चौघांना एकेकटं बोलवा, चौघं एकत्र नाही, एकत्र आले की ते टोळी असतात. काय झालं, तेव्हा तू काय विचार करत होतास, त्याचं काय झालं असेल, आता तू काय करणार, एवढेच प्रश्न, आणि मधे लांबलचक गप्प बसायची तयारी ठेवा. आणि कृपा करून त्या मुलाला समोर बसवून 'सॉरी म्हणा, हात मिळवा' असलं काही करू नका. त्याला नको असताना तो हात पुढे करायला लावणं म्हणजे त्याला पुन्हा एकदा अडवणं आहे, ह्या वेळी केबिनमधे. त्याची तयारी असेल, तो स्वतः म्हणेल, तेव्हाच.

जाता जाता, यानुश कॉर्चाक हा माणूस माझ्या फार आवडीचा. पोलंडमधल्या वॉर्सामधे १९१२ पासून तो अनाथाश्रम चालवायचा आणि तिथे मुलांचं न्यायालय होतं, न्यायाधीश मुलंच, आणि त्यांच्या कायद्याची पहिली ९९ कलमं माफीची. पण मला आवडतं ते पुढचं, सहा महिन्यांत त्याने स्वतःविरुद्ध पाच वेळा तक्रार नोंदवली, एकदा एका मुलाच्या कानाखाली मारली म्हणून. संस्थेचा प्रमुख पोरांपुढे आरोपी म्हणून उभा. तुम्ही न्यायालयबिलय काढू नका, पण प्रमुखाने चूक कबूल केली की खालच्यांना काय मोकळीक मिळते ते यातून घ्या.

रोजचं एक छोटं. सकाळी गेटवर उभ्या राहा, आणि शिक्षकांनाही वर्गाच्या दारात उभं राहून नाव घेऊन पोरांना आत घ्यायला सांगा. २०१८ मधे दहा वर्गांवर केलेल्या एका प्रयोगात नुसत्या अशा स्वागताने मुलं कामात गुंतलेली असण्याचं प्रमाण शंभरात २० नी वाढलं आणि गोंधळ ९ नी कमी झाला. पण सर्क्युलर काढून करायला लावलंत तर दोन आठवड्यांत ते हजेरी घेतल्यासारखं होईल. आधी स्वतः महिनाभर करा, गप्पपणे. 'स्टार' बंद केलात तरी चालेल, दर आठवड्याला एक जण खूश आणि बाकी सगळे हिशोब करत बसतात.

आता सोमवारचं. वर्गशिक्षिका आणि पीटीचे सर, दोघांकडे वेगवेगळं तुम्ही जा, त्यांना केबिनमधे बोलावू नका. तो खुलाशाचा कागद सोबत न्या आणि परत द्या. म्हणा की मी घाबरले होते म्हणून हा मागवला, मागवायला नको होता, आणि मला सांगणं तुम्हाला अवघड का गेलं ते मला ऐकायचंय, आज नाही तर तुम्हाला जमेल तेव्हा. मग उत्तर येईल ते निमूट ऐका, मधे 'पण' म्हणू नका. कदाचित काहीच बोलणार नाहीत. कदाचित स्टाफरूम अजून दोन-चार महिने गप्प राहील, लोक बघत असतात की ही खरंच बदलली की नवीन ट्रेनिंग करून आलीय. एक दिवस कोणीतरी अगदी किरकोळ वाईट बातमी घेऊन येईल, खिडकीची काच किंवा हरवलेलं रजिस्टर, ती तुमची परीक्षा असते, तेव्हा तोंडातून पहिला शब्द 'बरं झालं सांगितलंत' निघेल एवढं बघा.

आणि तो मुलगा. त्याला 'कसा आहेस' विचारायला रोज बोलवू नका, पोरं लगेच ओळखतात आणि त्याला अजून वेगळं पाडतात. सुट्टीत तुमची ड्यूटी टॉयलेटच्या बाजूला घ्या आणि तिथे नुसत्या असा, पुढच्या सुट्टीत पण, त्याच्या पुढच्या पण.